सुनीती मॅडमचा हवा काढण्याचा कार्यक्रम

गाडी वळणावर घेतली की डॅशबोर्डच्या मागून घुळुक घुळुक असा आवाज यायचा. भरपूर ताक पिऊन कुणी जिना चढावा तसा. सुनीती मॅडमनी सुरुवातीला त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण शेजारच्या सीटवर आनंदराव असत आणि ते ताक पिऊनच निघत. पण एके दिवशी त्या एकट्याच कॉलेजला निघाल्या आणि वाघोलीच्या चौकात वळताना आवाज आलाच. नवऱ्यावरचा संशय फिटला, पण गाडीवरचा सुरू झाला. त्यातच तापमानाचा काटा मधूनच वर उसळी घ्यायचा आणि चोरी पकडल्यासारखा परत खाली यायचा.

मॅडम ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. अकरावीच्या कितीतरी तुकड्यांना त्यांनी उष्णता, दाब आणि उत्कलनबिंदू समजावून दिलेत. त्यांतले निम्मे आता अमेरिकेत आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना काही समजलं नव्हतं. अशा बाईच्या स्वतःच्या गाडीतलं पाणी वाट्टेल तसं तापावं, हे त्यांना जरा लागलंच.

गॅरेजवाल्याने पंधराच दिवसांपूर्वी पाण्याचा एक कुजलेला पाइप बदलून दिला होता. मॅडम गाडी घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हवा धरलीय आत. सरांना पाठवा मॅडम, त्यांना नीट समजावून सांगतो."

सर म्हणजे आनंदराव. आनंदराव विमा कंपनीच्या ऑफिसात आहेत आणि या गाडीविषयी त्यांना एकच गोष्ट खात्रीने सांगता येते, ती म्हणजे तिचा रंग. एकदा पेट्रोल पंपावर त्यांनी टाकीचं झाकण उघडायला म्हणून डिकी उघडली होती आणि मग पंपावरच्या माणसाला ती आतून दाखवून परत बंद केली होती. या गृहस्थांना हवेबद्दल समजावून सांगितलं जाणार होतं, आणि फिजिक्सच्या बाईंनी घरी जाऊन त्यांची वाट बघायची होती. मॅडमनी बॉनेट स्वतःच्या हाताने आपटून बंद केलं आणि गाडी घरी आणली.

घरी आनंदरावांनी आणखी एक बातमी तयार ठेवली होती. त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा साडू जुनी गाडी शोधत होता आणि सोमवारी संध्याकाळी बघायला येणार होता. आनंदरावांचं म्हणणं असं की हल्ली मोबाइलवर गाडी मागवता येते, मग हा व्याप कशाला. त्यांचंही चुकत नव्हतं. पण ही गाडी मॅडमनी स्वतःच्या पगारातून घेतली होती. त्यांच्या मैत्रिणींनी हार्मोनियमचे क्लास लावले त्या वयात त्या ड्रायव्हिंग शिकल्या होत्या आणि नगर रोडवरच्या डंपरवाल्यांशी डोळ्यांत डोळे घालून बोलायला लागल्या होत्या. गाडी गेली तर पुन्हा दोन बस आणि 'मॅडम, जरा आत सरका' सुरू होणार होतं.

"सोमवारपर्यंत मी ती हवा काढते," मॅडम म्हणाल्या. "मग कोण येतंय ते बघू."

तसं काम अवघड नव्हतं. इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि त्याला गार ठेवतं. त्या पाण्याच्या वाटेत हवा अडकली की पाणी फिरायचं थांबतं. हवा नेहमी वर जाते. म्हणून गाडीचं तोंड उंच करायचं, गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, तिथे नरसाळं लावून वरपर्यंत पाणी भरायचं, इंजिन सुरू करायचं, आतला हीटर पूर्ण सोडायचा आणि बुडबुडे संपेपर्यंत वाट बघायची. मॅडमनी इंटरनेटवर एका परदेशी आजोबांचा व्हिडिओही बघितला. आजोबा डोंगरावर राहत होते. त्यांची गाडी जन्मापासूनच तोंड वर करून उभी होती.

वाघोली मात्र परातीसारखी सपाट. मॅडमनी आधी पुढच्या चाकांखाली विटा घालून बघितल्या. पहिल्या विटेचा भुगा झाला, दुसरी उडून पार्किंगमधल्या दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटवर गेली, आणि मॅडमना घरोघरी जाऊन दूध भरून द्यावं लागलं. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या 'श्रावणी ग्रीन्स' सोसायटीत चढ म्हणावा असा एकच आहे: बेसमेंटमधून वर येणारा रॅम्प. सोसायटीच्या नावातलं 'ग्रीन्स' हे एका कढीपत्त्याच्या झाडाला उद्देशून आहे आणि ते झाडही रॅम्पच्या तोंडाशीच आहे. म्हणजे सावलीचीही सोय होती.

पण रॅम्प अडवायचा तर परवानगी हवी. आणि श्रावणी ग्रीन्समध्ये परवानगी माणसाकडून मिळत नाही, ॲपवरून मिळते. ते ॲप सेक्रेटरी राकेशने आणलं होतं. राकेश यवतमाळकडचा, खराडीला आयटीत कामाला, स्वभावाने गोड. लिफ्टमध्ये भेटला तरी तो तुमची अडचण ऐकून घेतो आणि 'ॲपवर टाकून द्या ना' म्हणतो.

मॅडमनी ॲप उघडलं. तिथे लिफ्ट, वीज, प्लंबिंग, झुरळं आणि कार्यक्रम एवढेच पर्याय होते. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्यांनी प्लंबिंग निवडलं आणि लिहिलं, 'पाण्याच्या नळीत हवा धरली आहे.' तासाभरात प्लंबर आला. गाडीतली हवा, बाथरूममधली नाही, हे मॅडम त्याला सांगत राहिल्या, पण त्याच्या मोबाइलवर फ्लॅट नंबर होता, गाडीचा नव्हता. त्याने शॉवर काढला, उलटा धरून फुंकला आणि परत बसवला. तेव्हापासून त्यांचा शॉवर फक्त डावीकडे उडतो.

मॅडम थेट राकेशच्या दारात गेल्या. त्याने मनापासून ऐकून घेतलं.

"काय आहे ना मॅडम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही आहे," तो म्हणाला. "असं करा, कार्यक्रम म्हणून टाकून द्या. मी लगेच अप्रूव्ह करून टाकतो."

मग ॲपने विचारलं, कार्यक्रमाचं नाव काय, पाहुणे किती, लाउडस्पीकर आहे का, जेवण आहे का. मॅडमनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. परवानगी आली. आणि त्याच क्षणी सोसायटीतल्या प्रत्येक मोबाइलवर सूचना वाजली: 'रविवार, सकाळी दहा. स्थळ: बेसमेंट रॅम्प. सुनीती मॅडम यांचा हवा काढण्याचा कार्यक्रम. सर्वांनी अगत्य उपस्थित राहावे.' शेवटचं वाक्य ॲप आपणहून जोडत असे.

आता इथे सर्जेरावांबद्दल सांगायला हवं. सर्जेराव सोसायटीचे चेअरमन. जिथे आज या इमारती आहेत ते शेत त्यांचं होतं. जमीन गेली, बदल्यात काही फ्लॅट आले आणि चेअरमनपद जणू सातबाऱ्यावरच लिहून आलं. पुढच्या महिन्यात निवडणूक होती आणि त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोसायटीला पाणी टँकरने यायचं आणि टँकर सर्जेरावांच्या मेव्हण्याचा होता. त्या पाण्याने बादल्यांना पांढरे पट्टे पडत आणि साबणाला फेस येत नसे. लोक कुरकुरत, पण लिफ्टमध्ये. फक्त मागच्या मीटिंगमध्ये सुनीती मॅडमनी सहज विचारलं होतं, की या पाण्यात क्षार किती आहेत हे कुणी मोजलंय का. सर्जेरावांनी त्या वेळी 'बघू' म्हणून विषय चहाकडे नेला होता.

आणि आता त्याच बाई रविवारी सकाळी दहा वाजता, सर्वांदेखत, कुणाची तरी हवा काढणार होत्या.

रविवारी मॅडमनी बेसमेंटमधून गाडी वर आणली, रॅम्पवर तोंड उंच करून उभी केली, हँडब्रेक ओढला आणि चाकांमागे दगड लावले. बॉनेट उघडून मान वर केली तर रॅम्पच्या कठड्याला गर्दी. एवढी माणसं गणेशोत्सवात आरतीलाही जमत नव्हती. वरच्या मजल्यावरच्या श्यामलाबाई घरून खुर्ची घेऊन आल्या होत्या. त्यांचं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं होतं. मुलाने वाघोलीत फ्लॅट घेतला म्हणून त्या इथे आल्या होत्या आणि त्यासाठी त्यांनी मुलाला किंवा वाघोलीला अजून माफ केलं नव्हतं. सगळ्यांच्या पुढे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, सर्जेराव बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. ते उत्तराचं भाषण मनात घोळवत होते, पण मॅडमना वाटलं की जप चालू आहे.

एवढे लोक विज्ञानासाठी आले हे बघून मॅडमना भरून आलं. त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. हातात नरसाळं धरून त्या बोलू लागल्या.

"वरून बघितलं तर ही सिस्टीम भरलेली दिसते," त्या म्हणाल्या. "पण एकदा आत हवा शिरली की फिरणं बंद होतं. सगळं एकाच जागी साठून राहतं. मग तापतं. झाकण काढल्याशिवाय हे बाहेरच्यांना कळत नाही."

कठड्यावरून 'अगदी बरोबर' असा आवाज आला. सर्जेराव खुर्चीत सावरून बसले.

"आणि लक्षात ठेवा, तापलेलं असताना झाकणाला हात लावायचा नाही. अंगावर येतं. गार असताना, शांतपणे काढायचं."

"हे कुनाला म्हनताय मॅडम?" सर्जेरावांनी विचारलं.

"रेडिएटरला," मॅडम म्हणाल्या आणि झाकण काढलं.

गाडीत कुणीतरी बसून सांगितल्यावर ॲक्सिलरेटर द्यायला हवा होता. ते काम आनंदरावांकडे होतं. एप्रिलचं ऊन होतं आणि हीटर पूर्ण सोडायचा होता, तरी आनंदरावांनी सगळ्या काचा बंद करून घेतल्या. लोक खिडकीतून प्रश्न विचारत होते, तुमच्या मिसेस उभ्या राहणार का, आणि त्याचं उत्तर देण्यापेक्षा शिजलेलं परवडलं असा त्यांनी विचार केला. बोलणं खुणेने चालू होतं. मॅडम बाहेरून भुवया उंचावत, म्हणजे हीटरमधून गरम हवा येतेय का, कारण आतलं पाणी फिरायला लागलं तरच ती येते. आनंदराव आतून मान हलवत, म्हणजे अजून गारच.

नरसाळ्यात बुडबुडे येऊ लागले. आधी बारीक, मग बोराएवढे. कठड्यावरून सल्लेही येऊ लागले. कुणी म्हणालं गाडी हलवा, कुणी म्हणालं नळीला तोंड लावून ओढा, बोअरची मोटर अशीच चालू करतात. एकाने नारळ फोडायचं सुचवलं. आनंदरावांना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. कुणीतरी हात वर केला तो त्यांनी 'जोरात द्या' असा घेतला आणि ॲक्सिलरेटर दाबला. नरसाळ्यातून हिरवं कोमट पाणी उसळलं आणि श्यामलाबाईंच्या खुर्चीवर पडलं. श्यामलाबाई नेमक्या कढीपत्ता तोडायला उठल्या होत्या. त्यांनी परत येऊन खुर्चीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे रंगपंचमी मार्चमध्ये उरकतात."

खरी अडचण पुढे होती. हवा निघेल तशी तिची जागा घ्यायला पाणी हवं. मॅडमनी आणलेला कूलंटचा, म्हणजे त्या हिरव्या पाण्याचा, कॅन संपत आला आणि नरसाळ्यातली पातळी खाली जायला लागली. ती तळाला गेली असती तर आतापर्यंत काढलेली हवा पुन्हा आत शिरली असती.

त्याच वेळी फाटकाशी हॉर्न वाजला. टँकर आला होता. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचं तोंड रॅम्पच्या डोक्याशीच आहे, आणि तिथे मॅडमच्या गाडीचं नाक होतं. टँकरवाला बजरंग खाली उतरला. गाडी काढा असं तो म्हणणार होता, पण गर्दी बघून थांबला आणि त्याने आधी काय झालंय ते विचारलं. मॅडम म्हणाल्या की आता गाडी हलवता येत नाही, पाणी कमी पडतंय. बजरंग भला माणूस. त्याने टँकरच्या नळाखाली बादली धरली आणि भरून मॅडमपुढे आणली.

"एवढंच ना मॅडम? घ्या की. अख्खा टँकर हाय."

मॅडमचं सगळं लक्ष नरसाळ्यात होतं. वर्गात चुकीचं उत्तर आलं की त्या जशा मान न वळवता बोलतात तशाच त्या बोलल्या.

"नको, नको. हे पाणी नाही चालणार. यानं इंजिन आतून खराब होईल. क्षार धरतील, नळ्या बंद होतील."

कठड्यावरच्या सगळ्यांनी वाकून बादलीत बघितलं. मग श्यामलाबाईंचा आवाज आला, वरच्या पट्टीतला नव्हे, अगदी घरगुती.

"म्हणजे गाडीला जे सोसत नाही, ते आम्ही वरणात घालतो."

पुढे काय झालं ते मॅडमनी पाहिलंच नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं की बरीच माणसं एकदम बोलायला लागलीत. त्या नरसाळ्यातल्या पातळीकडे बघत होत्या आणि शुद्ध पाणी, शुद्ध पाणी, असं म्हणत होत्या. लोकांनाही ते ऐकू गेलं आणि मागच्या रांगेने ते घोषणा समजून उचललं. श्यामलाबाईंनी मात्र बरोबर ओळखलं. त्यांच्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन होता. त्यांनी राकेशला वर पिटाळलं. राकेश त्या दिवशी पहिल्यांदाच ॲपशिवाय एखादं काम करायला धावला.

कॅन आला, मॅडमनी ओतला. काही वेळ काही झालं नाही. मग गाडीने आतून, अगदी खोलवरून, एक ढेकर दिला. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या व्याह्याला शोभेल असा. नरसाळ्यातलं पाणी एक वीतभर खाली गेलं, मॅडमनी पुन्हा भरलं, आणि मग पाणी आरशासारखं स्थिर झालं. एकही बुडबुडा नाही. आतून काचेवर थापा पडल्या. मॅडमनी दार उघडलं तसे कुकरमधून काढलेल्या बटाट्यासारखे आनंदराव बाहेर आले.

"गरम," ते म्हणाले. "खूप गरम."

मॅडमनी इंजिन बंद केलं, ते निवल्यावर झाकण घट्ट बसवलं, बॉनेट लावलं आणि हात पुसत, जरा लाजतच, प्रेक्षकांकडे वळल्या. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे सर्जेरावांभोवती उभे होते. कुणी बादलीवरचे पट्टे सांगत होतं, कुणी गळणारे केस. सर्जेरावांना भाषणातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. ते भाषण आरोपांना उत्तर म्हणून तयार केलं होतं आणि आरोप तर कुणी केलाच नव्हता. एका बाईने आपल्या गाडीत काय घालायचं तेवढं सांगितलं होतं. थोड्या वेळाने ते उठले आणि घरी गेले. मग मॅडमनी गाडी बाजूला घेतली, बजरंगने टँकर लावला आणि ज्यांनी एवढा आवाज केला होता त्यांनी धुणी भिजवली, कारण दुसरं पाणी नव्हतं.

मॅडमना दिवसभर चुटपुट लागून राहिली. एक तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादं यंत्र स्वतः दुरुस्त केलं होतं आणि ते फक्त आनंदरावांनी पाहिलं होतं, तेही आतून. आणि दुसरं म्हणजे सर्जेरावांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. आनंदराव मात्र निराळ्याच तंद्रीत होते. त्यांनी कुणालाही न विचारता ऑफिसातल्या त्या माणसाला फोन केला आणि साडूला येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, मी त्या गाडीत एवढं सोसलंय, आता ती दुसऱ्याला कशी देऊ.

संध्याकाळी बेल वाजली. दारात सर्जेराव. मॅडमनी मनाची तयारी करून त्यांना आत घेतलं. ते कोचाच्या कडेवर बसले, पंख्याकडे बघत राहिले आणि प्यायला पाणी मागितलं. मॅडम पाणी घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"साहेब, ती ॲपची चूक होती," मॅडम म्हणाल्या. "मी खरंच गाडीबद्दल बोलत होते."

"ते कळलं मला. नंतर कळलं." त्यांनी ग्लास हातात तसाच धरला होता. "मॅडम, तुमच्या लिफ्टखाली काय हाय, ठावं हाय का?"

मॅडमना ठाऊक नव्हतं.

"आमची विहीर. आज्यानं खणलेली. उन्हाळ्यात बी हात घातला तर पानी लागायचं. लांबनं लोक यायची न्यायला. बिल्डर म्हनला बुजवावी लागंल, म्या हो म्हनलो." त्यांनी ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं. "त्या विहिरीचं पानी तुमच्या गाडीला बी चाललं असतं."

सर्जेरावांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं की ते क्षार का काय असतात, ते मोजतात कुठे. मॅडम म्हणाल्या, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही मोजता येतील, मी उद्या जातेच आहे पेपर तपासायला. सर्जेराव म्हणाले, मग मी बी येतो, मेव्हण्याला आकडा दाखवावा लागंल, तोंडी सांगून तो ऐकणाऱ्यातला न्हाय.

सोमवारी सकाळी सर्जेराव टँकरच्या पाण्याने भरलेली बाटली घेऊन मॅडमच्या शेजारी बसले. बाईने चालवलेल्या गाडीत बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी पट्टा लावला, बाटली गुडघ्यांत धरली आणि रस्त्याकडे असं बघू लागले की जणू गाडी तेच चालवतायत. वाघोलीच्या चौकात वळताना मॅडमनी कान दिला. काही नाही. काटा मधोमध, हलायला तयार नाही.

पुढे नगर रोडवर नेहमीची गर्दी लागली आणि गाड्या थांबल्या. बाहेर ऊन चढत होतं.

"मॅडम," सर्जेराव म्हणाले, "ते हीटर लावा की जरा. बघू तरी, कशापायी एवढं झालं."

मॅडमनी काचा वर केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. गरम हवेचा झोत सर्जेरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. त्यांनी हात पुढे धरून तपासलं आणि मान डोलावली. चांगलं झालंय म्हणाले. मॅडमनी आभार मानले. आता त्यांनी बंद करा म्हणावं म्हणून मॅडम थांबल्या, आणि बाई आपणहून बंद करतील म्हणून सर्जेराव थांबले. पुढची गाडी हलत नव्हती. सर्जेरावांच्या कपाळावरून घाम निघून मिशीत शिरला, मॅडमचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. शेजारच्या रिक्षातला माणूस बंद काचेतून त्या दोघांकडे काळजीने बघत होता. दोघेही सरळ समोर बघत, ताठ बसून, खराडीपर्यंत अधूनमधून एकमेकांना सांगत राहिले की काय छान गरम येतंय.